जाहीर माणूस

सर माह्या खोलीत राहायले आले त्या दिवशी त्याइनं ना गादी उलगडली, ना भांडे लावले. पयलं काम केलं ते दाराची कडी काढायचं. खिशातून पेचकस काढला, स्क्रू सोडवले, कडी माह्या हातावर ठेवली आन् म्हणाले, "मालक, ही तुमची अमानत. मले लागत नाही."

"सर, सागवानी दार आहे ते," मी म्हटलं. "भोकं पडले ना त्याले."

"हवा येईन."

असा माणूस. त्याच्या शोकसभेत पुसदचे चांगले चांगले लोक आले. कॉलेजातले मास्तर, दोन डॉक्टर, एक पुढारी. कोणी म्हटलं ऋषितुल्य, कोणी म्हटलं निगर्वी. मी मागं बसून ऐकत होतो. ऋषी बिषी काही नव्हता तो. आडमुठा होता. आडमुठ्याची पारख आडमुठ्यालेच असते, म्हणून मी लिहून राह्यलो. मी चौथीपर्यंत शिकलो. मास्तरनं मले काढलं नाही, मीच मास्तरले सोडलं. पुढं जिंदगीभर पिठाची चक्की चालवली. चक्कीच्या मागं दोन खोल्या होत्या, त्यातली एक सराइले दिली.

खोली पाहायले आले तवा आत नाही आले. उंबऱ्याबाहेर उभे राहून म्हणाले, "मी बौद्ध आहे. जाहीर सांगतो. द्याची असन तं द्या."

"मी इचारलं काय?"

"इचारत नाहीत लोकं. मंग आतून कडी लावतात."

मले राग आला. मी म्हटलं, "मी येवढंच इचारतो, पाणी जपून वापरता काय? नळ दिवसाआड येते इथं."

तवा पयल्यांदा हसले. चपला काढून आत आले.

'जाहीर' हा शब्द त्याच्या तोंडात सुपारीसारखा होता. भाजी घेऊन आले का गल्लीत शिरताशिरताच, "वांगे किडके निघाले, जाहीर सांगतो, त्या कोपऱ्यावरच्या गाड्यावर जाऊ नोका." जेवायचे दारात बसून, सगळ्याइले दिसन असं. भांडायचे तेही रस्त्यावर. आन् चुकले असन तं माफीही तिथंच, त्याच लोकाइपुढं. एकदा चक्कीवर गर्दी असताना माह्या बायकोच्या चहाले म्हणाले, "हे तं गाळलेलं पाणी आहे." दुसऱ्या दिवशी गर्दीची वेळ पाहून आले. दळणाचे डबे घेऊन बाया उभ्या होत्या. त्याइच्यापुढं उभे राहून म्हणाले, "काल मी जे बोललो ते चूक होतं. चहा बरा होता. साखर कमी होती."

बायको म्हणाली, "बाई बाई, आता साखरही जाहीर का?"

एकदा मी विचारलं, सर हे काय खूळ आहे. तं म्हणाले, "माह्या बापानं नागपूरले जाऊन दीक्षा घेतली, ते मैदानात घेतली. लाखो मानसाइत. लपून नाही. गावात परत आला तं पाटलाच्या ओट्यासमोर उभा राहून सांगतलं, आजपासून मी हा. मार खाल्ला. तवापासून आमच्या घरात एकच रीत आहे मालक. लपवा लागते ते करू नोका. केलं तं सांगा."

मी चक्कीचा पट्टा चढवला.

कॉलेजात ते रसायन शिकवत. रिटायर झाल्यावर खोलीचीच प्रयोगशाळा केली. रोज सकाळी दारात बसून पेन्सिली सोलायचे. आपण टोक काढतो, हे सगळंच लाकूड काढून फेकायचे आन् आतली काळी कांडी ठेवायचे. पोट्टे म्हणायचे, सराचं डोकं उलटं लागलं. मलेही तसंच वाटे. मंग एक दिवस मले समोर बसवून त्याइनं समजावून सांगतलं. ते मी जसं ऐकलं तसं लिहितो, कारण पुढचा सगळा राडा याच्यावरच झाला.

"मालक, नस म्हंजे निरोप नेनारी. निरोप पोचला का त्याची चिठ्ठी तिथंच पडते. ते चिठ्ठ्या झाडून काढाले आंगात एक झाडूवाला असते. फवारनीचं औषध काय करते? त्या झाडूवाल्याचे हात बांधते. मंग चिठ्ठ्या साचतात. डोयाले पानी, तोंडाले लाळ, हातपाय थरथर. आन् लय साचल्या तं श्वासच अडते. बरं, हात एका दिवसात बांधल्या जात नाहीत. रोज थोडे थोडे. मानसाले पत्ताच नाही लागत."

"आन् पेन्सिल?"

"बोटातून रक्ताचा थेंब घ्याचा. त्यात मुद्दाम थोडा कचरा टाकाचा, झाडूवाल्याच्या आवडीचा. हात मोकये असन तं तो त्याचे तुकडे करते. ते तुकडे कांडीले लागले का करंट देतात. कांडी जोडली त्या डब्बीवरचा काटा हालते. चांगला हालला, मानूस ठीक. कमी हालला तं त्याले सांगाचं, पंप खाली ठेव, थोडे दिवस वावराकडं पाहू नोको."

करंट मले समजते. मोटरीवर जिंदगी गेली माही. मी म्हटलं, "म्हंजे मानूस पडाच्या आधीच समजते."

"मालक, तुमी कॉलेजात असते तं पास झाले असते."

"कॉलेज नापास झालं असतं," मी म्हटलं.

फुलसावंगीले माह्या बहिणीचा पोरगा असते. हंगामात दुसऱ्याच्या वावरात फवारणीच्या मजुरीले जाते. एकदा वावराच्या धुऱ्यावर चक्कर येऊन पडला, तं लोकाइनं म्हटलं उन्ह लागलं. सराइले समजलं आन् ते मागंच लागले, चला भाच्याच्या गावाले, सगळ्या फवारणीवाल्याइले दाखवू. भाच्यानं फोनवर विचारलं, "सर, बोर्डावर काय लिहू?"

"पयले जाहीर टाका," सर म्हणाले. "मंग बाकीचं."

आमच्याकडं तसंही सगळं जाहीरच असते. जाहीर सत्कार, जाहीर प्रवेश, जाहीर आभार. फ्लेक्सवाल्यापाशी तो शब्द तयारच असते. तं समाजमंदिराच्या भिंतीवर पिवळ्या अक्षरात लागलं, 'जाहीर प्रात्यक्षिक', आन् खाली सराचा हात जोडलेला फोटो, जसे जिल्हा परिषदेले उभे राह्यले. नेमका बाजाराचा दिवस. माणसं कमी आन् खुर्च्या जास्त. दोनचार मजूर, त्याइच्या बाया, एक आंधळीशी बुढी, मी, भाचा. म्हणायले जाहीर, पण माह्या पोराच्या साखरपुड्याले याच्यापेक्षा जास्त लोकं होते.

सराइले त्याचं काही नाही. त्याइनं सगळं सांगतलं. कोणतं औषध, कांडीवर कसं चोळायचं, किती सुकू द्यायचं, कुठं चुकते, चुकलं तं कसं ओळखायचं. निस्तं सांगतलं नाही, वदवून घेतलं. "आजी, तुमी सांगा पाहू, झाडूवाला काय करते?"

बुढी म्हणाली, "सर, तो झाडूवाला बाई हाये का मानूस?"

"काम पाहता बाईच असन आजी."

बाया तोंडाले पदर लावून हसल्या. मंग बुढीनंच सगळं बरोबर सांगतलं, चिठ्ठ्या, हात बांधणं, सगळं. तवाच सर पुढं गेले. पयले बोट मी दिलं. काटा हालला. "मालकाचा झाडूवाला कामावर आहे, जाहीर सांगतो." मंग भाच्याचं बोट. काटा जरासा हालल्यासारखा झाला आन् तिथंच बसला. सराइनं डब्बी फिरवून त्याच्यापुढं धरली. त्यानं आपल्या डोयानं पायलं. त्या हंगामात पुन्हा पंप पाठीवर घेतला नाही त्यानं. डॉक्टरनं सांगतलं असतं तं ऐकलं नसतं. पायलं म्हणून ऐकलं.

पोट्ट्याइनं फोटो काढले, मोबाईलवर टाकले. ते फोटो कुठवर गेले ते मंग समजलं.

फोटो पाहून तपासणीच्या मशिनी बनवणारी एक कंपनी आली, तिची गाडी आमच्या गल्लीत मावली नाही. कंपनीची माणसं पायी आली. चांगलं बोलत होती. सर, हे आम्हाला द्या, कारखान्यात बनवू, तुमचं नाव लावू. सर म्हणाले, "मजुराले केवढ्याले देसान?" तं म्हणे ते धोरण वरून ठरते. सराइनं त्याइले पाणी दिलं आन् दारापर्यंत पोचवून दिलं. पोचवायले लागत नव्हतं, दार उघडंच होतं.

मंग सराइनं स्वतःच पेटंटचा अर्ज टाकला. मले हसू आलं. "सर, तुमी जाहीर मानूस, आन् तुमीच कुलूप लावून राह्यले?"

"कुलूप लावाले नाही मालक. दुसऱ्यानं लावू नये म्हनून किल्ली आपल्यापाशी ठेवतो. मंग कोनालेही बनवू देईन, फुकट."

कंपनीनं त्या अर्जावर हरकत घेतली. हरकतीले काय जोडलं? फुलसावंगीचा फ्लेक्स. पिवळी अक्षरं, हात जोडलेला फोटो, तारीख, सगळं. त्याइचं म्हणणं, अर्जाच्या आधीच हे जाहीर झालं होतं, मंग यात नवीन काय राह्यलं? कायदा तसा आहे म्हणे. आधी अर्ज द्याचा, मंग लोकाइले दाखवायचं. आमच्याकडं उलटं आहे बाप्पा. आमच्याकडं लग्नही आधी गावासमोर लागते, कागदावर मंग चढते. उलटं केलं तं लोकं म्हणतात, काहीतरी लपवून राह्यले.

सराच्या एका जुन्या विद्यार्थ्यानं नागपूरचा वकील लावून दिला. तरुण होता, डोक्यानं तेज. तो म्हणाला, "सर, घाबरू नका. नुसतं दाखवणं म्हणजे जाहीर होणं नाही. पाहणाऱ्याला ते इतकं समजलं पाहिजे की तो स्वतः करू शकेल. तिथं कोण होतं? मजूर, म्हाताऱ्या. त्यांनी डबी पाहिली, काटा पाहिला. आतलं काय समजणार त्यांना? एवढं सिद्ध झालं की आपण जिंकलो."

मंग त्यानं माह्यापुढं प्रतिज्ञापत्र ठेवलं. मी हळूहळू वाचलं. 'मी अल्पशिक्षित असून सदर प्रात्यक्षिकातील कोणताही भाग मला कळलेला नाही.'

मी पेन मागितला. वकील म्हणाला, "काका, सही नको. अंगठा लावा. अंगठा बरा दिसतो."

आता मी सांगतो. मी कोणापुढं वाकलो नाही. चक्कीवर तहसीलदाराची बायको आली तरी रांगेत उभी केली. पण त्या दिवशी मी अंगठा पुढं केला. भाच्याचा तो बसलेला काटा मले दिसत होता. म्हटलं, जाऊ दे, अडाणी तं अडाणी. वकिलानं शाई लावली. अंगठा काळा झाला. कागदावर टेकवणार, तं सराइनं माहं मनगट धरलं.

"मालक, झाडूवाला काय करते?"

"सर, आता नोको."

"काय करते?"

"कचऱ्याचे तुकडे करते," मी म्हटलं. "ते कांडीले लागले का करंट येते."

"कांडीवर काय चोयाचं? किती येळ सुकवाचं?"

तेही मी सांगतलं. विचारलं तं मी सांगणारच. समजलेलं समजलं नाही म्हणायले माही जीभ अजून तेवढी सैल झाली नाही. त्यात माही काही चूक नाही.

वकिलानं कागद उचलला. म्हणाला, "झालं. आता हा कागद कामाचा नाही."

सुनावणी नागपूरले वकिलाच्या ऑफिसात होती, कॉम्प्युटरच्या पडद्यावर. पेटंट ऑफिसचे साहेब तिकडं, कंपनीचा वकील तिकडं, आमी इकडं. आमच्या वकिलानं तरीही हिंमत सोडली नाही. कागद नव्हता, तं तोंडानं सांगून राह्यला होता, की साहेब, समोर थोडेसे अशिक्षित मजूर होते, त्यांच्या आकलनापलीकडचा विषय. साहेब मान हालवत होते. मले वाटलं, जमलं. तेवढ्यात सर पुढं वाकले.

"एक मिनिट साहेब. जाहीरच होतं. आन् सगळ्याइले समजलं होतं. मी खातरी करून घेतली होती."

साहेब म्हणाले, "आपको मालूम है, आप क्या कह रहे हैं?"

"मालूम है."

कंपनीचा वकील खाली पाहून काहीतरी लिहीत होता. हसत नव्हता. त्याले हसायची गरजच नव्हती.

परत येताना एसटीत मी बोललो. दारव्हा गेल्यावर राहवलं नाही. "सर, तुमाले जिताचंच नव्हतं."

"जिताचं होतं. पन मानसाइले अडानी म्हनून नाही."

"आमाले चाललं असतं!"

"मले नाही चाललं."

"तुमचं कोन इचारते? रक्त आमचं, पोरं आमची, पंप आमच्या पाठीवर. एका कागदावर अडानी लिहिलं असतं तं काय मरत होतो आमी? तसंही लोकं रोज म्हनतातच!"

पुढच्या सीटवरची बाई वळून पाहाले लागली. सर खिडकीबाहेर पाहत होते. नेहमी भांडण जाहीर करणारा माणूस, त्या दिवशी हळूच म्हणाला, "लोकं म्हनतात मालक. आपन नाही म्हनाचं."

मी सीट बदलून मागं जाऊन बसलो.

निकाल लागला. अर्ज नामंजूर. सर म्हणाले, "चला, कोनाचंच नाही, म्हंजे सगळ्याइचं झालं." मी म्हटलं, "सगळ्याइचं म्हंजे ज्याच्यापाशी कारखाना आहे त्याचं." तसंच झालं. कंपनीनं कांडीच्या जागी प्लास्टिकची पट्टी लावली, आणखी काही बदल केला, आन् त्याचं पेटंट घेतलं. मंग सराइले नोटीस आली, की तुमी जे बनवता ते आमच्यात मोडते, बंद करा. वकील म्हणाला, हे मोडत नाही, लढता येते, पण वर्षं जातील. सराइनं नोटिशीची घडी घालून खिशात ठेवली. नोटीस सगळ्या गल्लीले वाचून दाखवतील असं वाटलं होतं. नाही दाखवली.

थोड्या दिवसानं चक्कीवर आले. गिऱ्हाईक नव्हतं. म्हणाले, "मालक, ते कडी आहे काय?"

"कोन्ती कडी?"

"दाराची."

मी जपून ठेवली होती. पेचकस घेऊन गेलो आन् जुन्याच भोकात बसवून दिली. जरा सैल बसली. त्या दिवसापासून मले माह्याच खोलीचं दार वाजवा लागे. आतून विचारत, "कोन?" येवढ्या वर्षात त्याइनं कधी कोणाले 'कोन' म्हणून विचारलं नव्हतं.

पेन्सिली सोलणं बंद झालं. दर हंगामाले मजुराइचे बोटं तपासायले फुलसावंगीले जात ते बंद झालं. त्या साली भाच्याचं बोट कोणी टोचलं नाही, काटा कोणी दाखवला नाही. तो पंप घेऊन गेला, जात राह्यला, आन् एक दिवस वावरातच आडवा झाला. यवतमाळच्या दवाखान्यातून वाचून आला. पण हाताची थरथर गेली नाही. आता चहा बशीत ओतून देतो त्याले, तोही अर्धा सांडते. सर त्याले पाहाले गेले होते. खाटेजवळ उभे राह्यले. भाचा म्हणाला, "सर, तुमी आले नाही यंदा." सराइनं जे काही म्हटलं ते मले ऐकू आलं नाही. जाहीर नव्हतं.

पुढं सर आपल्या बहिणीकडं राहायले गेले आन् तिथंच वारले. शोकसभेत मले दोन शब्द बोलायले सांगतलं. मी नाही उठलो. मले त्याच्यावर राग आहे आन् तो तसाच राहणार. बायको म्हणते, तुमीही तेच केलं असतं. मी म्हणतो, मी माहं पाहून घेईन.

यंदा हंगामाच्या तोंडावर फुलसावंगीले गेलो होतो. त्याच समाजमंदिरात कंपनीचा पोरगा आला होता, इस्त्रीच्या शर्टात. भिंतीवर फ्लेक्स. वर लिहिलं होतं, 'जाहीर प्रात्यक्षिक'. खुर्च्या सगळ्या भरल्या होत्या, कारण टोपी फुकट होती. पोरगा सांगत होता, "पट्टीवर थेंब टाका. हिरवा दिवा लागला, काम करा. लाल लागला, दवाखान्यात जा. आत काय होतं ते तुम्हाला कळायची काही गरज नाही."

मी उभा राह्यलो. "आत काय होते?"

"काका, ती केमिस्ट्री असते. तुम्हाला नाही समजणार."

"लिहून दे."

"काय लिहून देऊ?"

"हेच. का या मानसाले समजत नाही. याले, त्या बुढीले, या समद्याइले. कागदावर लिही आन् खाली सही कर. अंगठा नोको, सहीच पाह्यजे मले."

लोकं हसले. भाचा मागून म्हणाला, "मामा, बसा ना." त्याचा हात माह्या खांद्यावर होता, हालत होता.

पोरगाही हसला. वाईट नव्हता. म्हणाला, "काका, असं कोणी लिहून देतं का?"

नाही देत. आमच्या सराइनंही नव्हतं लिहू दिलं.